वारा आधी, वाट नंतर: वसंताच्या तोंडावरचा सोसाट्याचा दिवस बाहेर कसा घालवावा

हिवाळा सरत आलेला असतो, ऊन आठवड्यागणिक थोडं थोडं चढत असतं आणि नेमका त्याच वेळी वारा सुटतो. खिडकीतून आकाश लख्ख दिसतं, पण दार उघडलं की झोत अंगावर येतो. म्हणून पुष्कळ लोक असा दिवस घरात काढतात. मला मात्र वर्षातले हेच दिवस सगळ्यात जिवंत वाटतात. हवा स्वच्छ, नजर लांबवर पोचते, ढगांच्या सावल्या जमिनीवरून धावत असतात, आणि गर्दी नसते.

हा दिवस छान जायचा असेल तर एक सवय बदलावी लागते. एरवी आपण आधी ठिकाण ठरवतो आणि मग हवामान बघतो. इथे उलट करायचं. वारा कुठून येणार आणि किती जोराचा, हे आधी बघायचं. वाट, वेळ आणि बसायची जागा त्यावरून ठरते.

आदल्या रात्री: अंदाजातले तीन आकडे

हवामानाच्या ॲपमध्ये बहुतेकांची नजर तापमानावर जाते. या दिवसांत तापमान शेवटी बघा. आधी वाऱ्याचा सरासरी वेग, मग झोतांचा वेग, मग दिशा.

अंदाजात दिलेला सरासरी वेग सहसा मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. झाडझाडोऱ्यात किंवा वस्तीत आपल्या उंचीला तो त्याहून कमी लागतो. उघड्या माळावर किंवा डोंगराच्या धारेवर मात्र तेवढाच किंवा जास्तही असू शकतो. झोतांचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि तोल जातो तो झोतामुळेच. सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर आणि झोत ५५ असेल तर बेत ५५ धरून करा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० किलोमीटरचा वारा ४० चा झाला की अंगावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आकड्यात थोडासा वाटणारा फरक पायाखाली फार मोठा जाणवतो तो यामुळे.

आकडे डोळ्यांसमोर उभे राहत नसतील तर ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली आखलेली मोजपट्टी अजूनही उपयोगी आहे. ती मुळात समुद्रासाठी होती. जमिनीवरची लक्षणं नंतर जोडली गेली. ताशी २० ते २८ किलोमीटरला धूळ आणि सुटे कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. २९ ते ३८ ला लहान झाडं डोलू लागतात. ३९ ते ४९ ला मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी घालतात, छत्री सांभाळता येत नाही. ५० ते ६१ ला अख्खी झाडं हलतात आणि वाऱ्यासमोर चालताना त्रास होतो. ६२ च्या पुढे डहाळ्या मोडून पडतात.

माझा हिशेब असा: झोत ५० च्या आत असतील तर मनसोक्त भटका. ५० ते ६० च्या दरम्यान असतील तर उंचावर न जाता सखल वाटेनं जा, फेरी छोटी ठेवा. ६० च्या वर जंगल, कडे, बोटींचे धक्के आणि पूल टाळा. हवामान खात्याचा इशारा असेल तर बेत दुसऱ्या दिवशीचा.

आता तापमान. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते हे बहुतेक जण कमी धरतात. हवेचं तापमान ५ अंश असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते शून्यासारखं लागतं. १० अंशांना ४० चा वारा असेल तर ६ अंशांसारखं. हे गणित कोरड्या त्वचेचं आहे. घामानं किंवा पावसानं अंग ओलं झालं तर थंडी याहून खूप लवकर शिरते.

निघायची वेळ

वसंताच्या सुरुवातीला वारा का वाढतो हे कळलं तर वेळ निवडणं सोपं जातं. ध्रुवाकडचा प्रदेश अजून गोठलेला असतो आणि विषुववृत्ताकडचा तापू लागलेला असतो. तापमानातली ही दरी मोठी असते, त्यामुळे वरच्या थरातले वारे जोरदार असतात. त्यात उन्हानं जमीन तापू लागते, खालची हवा वर जाते, वरची वेगवान हवा खाली येते आणि हे मिसळणं झोतांच्या रूपानं आपल्याला जाणवतं.

म्हणूनच निरभ्र दिवशी पहाट बहुधा शांत असते, दहा-अकराच्या सुमारास झोत सुरू होतात, दुपारी ते शिगेला पोचतात आणि सूर्य कलला की ओसरतात. उघड्यावरचा, उंचावरचा भाग सकाळी उरकून दुपारी आडोशाच्या वाटेला लागणं शहाणपणाचं. मात्र कमी दाबाचं क्षेत्र जवळून जात असेल तर हा क्रम मोडतो आणि रात्रभरही वारा घोंगावू शकतो. तासातासाचा आलेख बघितला की हे लगेच कळतं.

दिवस मोठा होत असतो, पण अजून उन्हाळा नाही. मध्य अक्षांशांत विषुवदिनाच्या, म्हणजे २०-२१ मार्चच्या आसपास दिवस रोज साधारण अडीच ते चार मिनिटांनी वाढतो. दक्षिण गोलार्धात हेच सप्टेंबरात होतं. संध्याकाळ लांबल्यासारखी वाटते आणि मग सूर्य ढगाआड गेला की पंधरा मिनिटांत बोटं बधिर होतात. अंधाराच्या तासभर आधी परत पोचायचं धरून चला.

वाट आखताना

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. सकाळी पाय ताजे असतात, अंग गरम असतं, मन उत्साही असतं. तेव्हा समोरच्या वाऱ्याशी झुंजणं जमतं, त्यात मजाही वाटते. उलट केलं तर पाठच्या वाऱ्यानं तुम्ही सहज लांब जाता, आपण किती दूर आलो हे कळत नाही आणि दमल्यावर परतीचा सगळा रस्ता वाऱ्याला तोंड देत काटावा लागतो. सायकलवर तर हा फरक फारच मोठा. समोरचा वारा वेग निम्म्यावर आणू शकतो.

गोल फेरी करायची असेल तर वाटेचा उघडा भाग कुठला आणि आडोशाचा कुठला हे नकाशावर बघा. वारा पश्चिमेचा असेल तर टेकडीच्या पूर्वेकडची वाट शांत मिळते. त्याच टेकडीचा माथा मात्र पायथ्यापेक्षा बराच जास्त वारा खातो, कारण उतारावरून चढणारी हवा माथ्यावर दाटून वेगानं निघते. दोन टेकड्यांमधली खिंड आणखी फसवी. दोन्ही बाजूंना आडोसा दिसतो, पण सगळा वारा त्या फटीतून वाहतो. बसायला, डबा उघडायला खिंड कधीच निवडू नका.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम चांगला आधार देतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नाही आणि वाराही नाही. तोंडावर जोराचा वारा असलेल्या टप्प्याला मी सरळ एक तृतीयांश वेळ वाढवून धरतो. हिवाळ्याचं पाणी अजून जमिनीत मुरलेलं असतं, त्यामुळे पायवाटा चिखलाच्या असतात. त्याचीही भर पडते.

जिथे वाट सोडून देता येईल अशा दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवा: बस थांबा, गावाकडे उतरणारी वाट, बंदिस्त निवारा. वाऱ्याच्या दिवशी माणसं थकव्यामुळे नाही तर कंटाळून चुकीचा निर्णय घेतात. तेव्हा ऐन वेळी नकाशा उघडायची गरज पडू नये. नकाशा कागदी असेल तर हवा तो भाग वर येईल असा घरीच घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

अंगावर काय घालायचं

जाड स्वेटर वाऱ्यापुढे चाळणी ठरतो. कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली गरम हवा आपल्याला ऊब देते आणि वारा नेमकी तीच उपसून काढतो. म्हणून सगळ्यात वरचा थर वारा अडवणारा हवा, मग तो पातळ का असेना. साधं विंडचीटर आणि त्याखाली दोन पातळ थर हे एका जाड कोटापेक्षा चांगलं काम करतात, आणि चढावर एकेक काढताही येतात. मनगट, गळा आणि कंबर या तीन ठिकाणांहून वारा आत शिरतो. तिथे इलॅस्टिक किंवा दोरी आहे का ते बघून घ्या.

कान झाकले गेलेच पाहिजेत. कानटोपी किंवा डोक्यावरून ओढायचा गळपट्टा चालतो. कडा असलेली हॅट पट्टा नसेल तर घरी ठेवा. छत्रीही घरी. जीनची पॅन्ट भिजली की जड होते आणि तासन्‌तास वाळत नाही, तिच्याऐवजी पटकन वाळणारी पॅन्ट घ्या. हातमोजे पातळ असले तरी असू द्या. लांब केस घट्ट बांधा, नाहीतर दिवसभर एक हात त्यातच जाईल.

गॉगल घ्याच. वाऱ्यानं डोळ्यांतला ओलावा उडतो, मग डोळे जास्तच पाणावतात, त्यात धूळ आणि काटक्या. आणि ऊन. मार्च अखेरचा सूर्य सप्टेंबरच्या मध्यातल्या सूर्याइतकाच उंच असतो, पण थंड वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही. संध्याकाळी आरशात बघितल्यावर नाक लाल दिसतं. सनस्क्रीन आणि ओठांना बाम लावून निघा.

सॅकमध्ये पाणी, गरम पेयाचा थर्मास, पटकन खाता येईल असं काहीतरी, कोरड्या मोज्यांचा जोड, बसायला फोमचा तुकडा, टॉर्च, शिट्टी. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. कोरडा वारा अंगातलं पाणी नकळत ओढून घेतो.

चालताना आणि थांबताना

गाडीनं जाणार असाल तर गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. मागून येणारा झोत उघडलेलं दार हिसकावून बिजागरी वाकवू शकतो. समोरचा वारा दार उलट बंद करतो. तेव्हा फक्त बोटं सांभाळायची.

निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. दहा मिनिटांत अंग तापतं. चढ सुरू व्हायच्या आधी एक थर काढा, घाम येऊ देऊ नका. आणि माथ्यावर पोचायच्या पाच-दहा मिनिटं आधी, अजून आडोसा असतानाच, विंडचीटर घालून चेन लावून घ्या. बहुतेक जण माथ्यावर पोचतात, घामेजल्या अंगानं वाऱ्यात उभे राहतात आणि मग थरथरत्या हातांनी बाही शोधतात. उघड्यावर कपडा घालायची वेळ आलीच तर सॅक खाली ठेवून तिच्या पट्ट्यावर पाय द्या, वाऱ्याकडे पाठ करा आणि आधी हात घाला, टोपी नंतर.

झोतात चालताना पावलं आखूड, पाय थोडे फाकलेले, अंग किंचित वाऱ्याच्या बाजूला झुकलेलं. झोत अचानक थांबला की त्याच बाजूला तोल जातो, म्हणून कड्याच्या किंवा रस्त्याच्या काठावर पूर्ण रेलू नका. वारा दरीकडे ढकलत असेल तर काठापासून चांगलं अंतर ठेवा. सायकलस्वारांनी भिंत, झाडी किंवा ट्रकचा आडोसा संपतो त्या जागी विशेष सावध राहावं. तिथे बाजूचा वारा एकदम लागतो आणि चाक हातभर सरकतं.

वाऱ्यात ऐकू कमी येतं याकडे फार कमी लोक लक्ष देतात. टोपी ओढलेली असेल तर मागून येणारी गाडी कळतच नाही. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून बघा. बरोबरच्यांशी दोन-तीन हातखुणा आधीच ठरवा: थांबा, ठीक आहे, परत फिरू.

थांबण्याची जागा निवडणं हे या दिवसाचं खरं कौशल्य. झाडोऱ्याचं दाट कुंपण वारा गाळून मंद करतं. भरीव भिंत मात्र हवेला वरून उडवते आणि ती हवा मागे भोवरे करत खाली पडते. कुंपणाच्या आडोशाचा परिणाम त्याच्या उंचीच्या सुमारे दहा पटीपर्यंत जाणवतो आणि सगळ्यात शांत पट्टा साधारण तीन ते पाच पटीवर असतो. दोन मीटरचं कुंपण असेल तर सहा ते दहा मीटरवर बसून बघा. डोंगरावर माथ्याच्या मागच्या अंगाला थोडं खाली उतरलं की आवाजच बदलतो. मूठभर वाळकं गवत सोडून बघा: सरळ खाली पडलं तर जागा चांगली, गोल फिरलं तर दुसरी शोधा. ऊन आणि आडोसा दोन्ही मिळाले तर तिथे अर्धा तास निवांत बसा. मार्चमधलं ऊन वारा नसलेल्या कोपऱ्यात किती उबदार असतं, हे तिथेच कळतं.

कुठे जपायचं

जंगलात आडोसा मिळतो, पण हिवाळ्यात तुटून वर अडकलेल्या फांद्या याच दिवसांत खाली येतात. बराच पाऊस किंवा बर्फ झाल्यावर जमीन भुसभुशीत असते आणि मुळांची पकड सैल होते. पानं नसलेली झाडं वारा कमी झेलतात. सदाहरित झाडं पूर्ण शिडासारखी ताणली जातात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात तीच जास्त उन्मळतात. वठलेल्या झाडाखाली बसू नका, आणि बसण्याआधी एकदा वर बघा.

पाण्याजवळ दोन गोष्टी. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा काठाजवळ पाणी शांत ठेवतो आणि तरंगणारी कुठलीही वस्तू दूर नेतो. चेंडू, टोपी गेली तर जाऊ द्या, मागे जाऊ नका. हवा उबदार झाली तरी पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यावर श्वास आपोआप धापेनं आत ओढला जातो आणि चांगले पोहणारेही त्यात सापडतात. धक्क्यांवर, लाटा फुटतात त्या भिंतींवर तर जाऊच नये.

शहरात फिरणार असाल तर उंच इमारतींच्या पायथ्याचे कोपरे टाळा. वरचा वारा भिंतीवर आपटून खाली येतो आणि कोपऱ्यावरून दुप्पट जोरानं वळल्यासारखा वाटतो. जुन्या वस्तीतल्या अरुंद, वळणाच्या गल्ल्या अशा दिवशी फिरायला फार सुंदर.

लहान मुलं लवकर गारठतात आणि सांगत नाहीत, फक्त गप्प होतात. बाबागाडी थांबवली की ब्रेक लावाच, आणि उतारावर, पाण्याजवळ किंवा फलाटावर क्षणभरही हात सोडू नका. पतंग उडवायचा असेल तर ताशी दहा ते तीस किलोमीटरचा वारा पुरे, त्याहून जास्तीत दोरा बोट कापतो. विजेच्या तारा आणि विमानतळाचा परिसर सोडून मोकळं मैदान बघा.

ज्यांना परागकणांचा त्रास आहे त्यांच्यासाठी कोरडा, वाऱ्याचा दिवस सगळ्यात कठीण. हेझल, आल्डर, बर्च ही झाडं पानं फुटायच्या आधीच फुलतात, म्हणजे वाऱ्यावर निघालेल्या परागांना पानांचा अडथळा होत नाही. पावसाच्या सरीनंतरचे तास त्यातल्या त्यात बरे. औषध चालू असेल तर निघायच्या आधी घ्या.

डोळे उघडे ठेवून

हेझलच्या पिवळ्या लोंबत्या तुऱ्यांना बोटानं टिचकी मारा, पिवळा धूर उडतो. वाऱ्याकडे तोंड करून पंखांची बारीक थरथर करत हवेत एका जागी स्थिर राहणारा केस्ट्रेल जातीचा छोटा ससाणा दिसला तर त्याचं फक्त डोकं बघा. अंग हलतं, डोकं जागचं हलत नाही. डोंगराच्या मागच्या बाजूला भिंगाच्या आकाराचे गुळगुळीत ढग जागच्या जागी उभे दिसले तर वर जोराचा वारा आहे असं समजा. हवा त्यांच्यातून वाहत असते, ढग मात्र तिथेच घडत आणि विरत राहतो.

आकाश वाचायला दिशेची थोडी समज पुरते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र डाव्या हाताला असतं. डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलॉट यांनी १८५७ साली हा नियम मांडला. दक्षिण गोलार्धात ते उजव्या हाताला. उत्तरेकडच्या मध्य अक्षांशांत नैर्ऋत्येचा वारा अचानक वायव्येकडे वळला आणि गारवा वाढला, तर थंड आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड, नुकतीच गेली असं धरा. आता हवा काचेसारखी स्वच्छ होईल, मधूनमधून सरी येतील. फोटो काढायचे असतील तर हीच वेळ. काळा ढग जवळ येताना वारा क्षणभर पडून मग गार झोत आला की सर दारात आहे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

परत कधी फिरायचं

वारा, ओलावा आणि दमणूक एकत्र आली की गोठणबिंदूच्या बऱ्याच वरही शरीराचं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. बरोबरच्या माणसाची चिन्हं बघा: पाय अडखळणं, हातातून वस्तू सुटणं, शब्द जड होणं, कारण नसताना चिडचिड. यातलं काहीही दिसलं तर आडोसा, कोरडा थर, गरम पेय, खाणं, आणि जवळच्या वाटेनं खाली. स्वतःमध्ये ही चिन्हं ओळखता येत नाहीत, म्हणून एकमेकांवर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्यानं थांबायला सांगितलं की वाद घालायचा नाही. एकटे निघाला असाल तर कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा.

चेनची दोरी ओढता येत नाही इतकी बोटं बधिर झाली, तर ती माझ्यासाठी परत फिरायची वेळ. पुढे कितीही सुंदर काही असलं तरी.

घरी आल्यावर

आधी कपडे बदला, मग बाकी सगळं. केस धुतले तर धूळ आणि पराग दोन्ही जातात. गवतातून चालला असाल तर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या रेषेत गोचीड आहे का ते तपासा, कारण थंडी ओसरताच त्या हालचाल करू लागतात. सापडली तर बारीक चिमट्यानं त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा, पिळू नका. चिखलाचे बूट पाण्यानं धुऊन आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हवेशीर जागी ठेवा. हीटरजवळ ठेवले तर चामडं तडकतं. बोळे रात्री एकदा बदलले तर बूट बरेच लवकर वाळतात.